रुसण्याची रीत

“पण रुसायचं म्हणजे नेमकं करायचं काय?” प्रल्हादरावांनी मला विचारलं.

हे विचारताना ते आमच्या परसातल्या म्हशीचा जबडा उघडून तिची जीभ बघत होते. म्हशीला काही झालेलं नव्हतं. पण गुरांचा डॉक्टर माणूस, कुणाच्याही घरी गेला की आधी गोठ्यात डोकावून यायचा. हेमाताईशी त्यांचं लग्न वैशाखात झालं होतं आणि हा त्यांचा दिवाळसण. धनत्रयोदशीला मिरजेहून दोघं आली, तेव्हापासून घरात सगळे एकाच गोष्टीची वाट बघत होते.

“तोंड फिरवायचं,” मी म्हटलं. “पानावर बसायचं आणि जेवायचं नाही.”

“भूक लागली असली तर?”

“तरी नाही.”

“आवडीचं असलं तर?”

“मग तर मुळीच नाही.”

त्यांनी म्हशीची जीभ सोडली आणि हात पाटलोणीला पुसले. “आमच्या आजोबांपुढं कुणी पानावर रुसलं की ते ताट उचलून गोठ्यात नेऊन ठेवायचे. गाईनं खाल्लं की विषय संपला. त्यामुळे आम्ही चौघं भाऊ रुसायला कधी शिकलोच नाही.”

“म्हणून तर शिकवतेय,” मी म्हटलं. मी तेव्हा नववीत होते आणि मला जगातलं बहुतेक सगळं येत होतं.

आम्ही बार्शीला राहत होतो. अण्णांची तेलाची गिरणी होती. करडई, शेंगदाणा, तीळ, जवस, जे म्हणाल ते आमच्याकडे गाळून मिळायचं. फक्त एरंडी नाही. कुणी शेतकरी एरंडीचं पोतं घेऊन आला तर अण्णा त्याला फाटकातूनच परत पाठवायचे. का, असं विचारलं तर म्हणायचे, “वास येतो.” जवसाचा काय अत्तरासारखा वास येतो? पण गिरणी त्यांची होती.

गिरणीच्या गोदामात पेंडीच्या पोत्यांमागं एक नवा कोरा रेडिओ झाकून ठेवलेला होता. जावयासाठी अण्णांनी तो सोलापुरातून आणला होता. ही गोष्ट गुप्त होती, म्हणजे आम्हाला, गिरणीतल्या सगळ्या कामगारांना, शेजारच्या दोन घरांना आणि खुद्द प्रल्हादरावांना माहीत होती. पण जावई रुसल्याशिवाय तो बाहेर काढायला अण्णा तयार नव्हते.

“न रुसणाऱ्याच्या हातात वस्तू ठेवायची म्हणजे भीक घातल्यासारखं झालं,” ते म्हणायचे. “आधी त्यानं रुसायचं. मग आपण मनवायचं. पहिल्यांदा त्यानं नाही म्हणायचं. दुसऱ्यांदा गप्प बसायचं. तिसऱ्यांदा मागायचं. अशी रीत आहे.”

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान झालं. अण्णांनी मुद्दाम पाणी कोमट ठेवायला सांगितलं होतं, निदान त्यावरून तरी रुसेल म्हणून. प्रल्हादराव कुडकुडत बाहेर आले आणि म्हणाले, “उत्तम झाली आंघोळ.” लक्ष्मीपूजनाला त्यांच्या पानात चकलीचे तुकडेच वाढले. ते म्हणाले, “बरं झालं, मोडायचा त्रास वाचला.”

रात्री अण्णा झोपाळ्यावर बसून हताशपणे म्हणाले, “ह्या माणसाला आपण परके वाटतो. रुसायला हक्क लागतो. ज्याला आपलं म्हटलं त्याच्यावरच माणूस रुसतो. मी माझ्या दिवाळसणाला चांगला तीन दिवस रुसलो होतो.”

“मग काय मिळालं तुम्हाला?” मी विचारलं.

“ते जाऊ दे.”

दर दिवाळीला ही गोष्ट इथंच थांबायची. आणि दर दिवाळीला ती इथं आली की स्वयंपाकघरात आईला मोठा खोकला यायचा.

आता आईबद्दल सांगायला हवं, कारण खरी गोष्ट तिची आहे.

आम्हा दोघी बहिणींना भाऊ नाही. ज्यांना भाऊ नसतो त्या भाऊबीजेला चंद्राला ओवाळतात, तशा आम्हीही ओवाळायचो. आणि आमच्याबरोबर आईही ओवाळायची. मी पाचवी-सहावीत जाईपर्यंत मला वाटायचं की भाऊबीज म्हणजे चंद्राला ओवाळणं. मग एकदा कळलं की आईला भाऊ आहे. सख्खा, तिच्याहून धाकटा, चांगला हिंडता-फिरता. विश्वंभर त्याचं नाव. येडशीच्या पुढं सारोळे म्हणून खेडं आहे, तिथं तो शेती करतो. आणि आमच्या अण्णांनी त्या घराशी बोलणं टाकलेलं आहे. का, ते कुणी सांगत नव्हतं.

अण्णा दर भाऊबीजेला आम्हाला जीपमध्ये घालून तुळजापूरला देवीला न्यायचे. वाटेत सारोळ्याचा फाटा लागायचा. फाटा जवळ आला की अण्णा शेंगदाण्याच्या भावाबद्दल मोठमोठ्यानं बोलायला लागायचे आणि आई पदर सारखा करायची. फाटा मागं गेला की दोघंही गप्प. संध्याकाळी तुळजापूरच्या धर्मशाळेच्या अंगणात आई आमच्याबरोबर उभी राहून चंद्राला ओवाळायची.

हे सगळं असंच चालू राहिलं असतं. पण हेमाताईच्या लग्नात भटजींनी “मुलीच्या मामांना बोलवा” म्हणून हाक दिली आणि अण्णांचे एक चुलत मेहुणे पुढं होऊन उभे राहिले. आई त्या वेळी अक्षता निवडत होती. तिनं मान वर केली नाही. लग्न आटोपल्यावर तिनं अण्णांना एवढंच म्हटलं, “ह्या दिवाळीला मला एकदा विशूला ओवाळू द्या.” अण्णा म्हणाले, “बघू.” आमच्या घरात “बघू” म्हणजे काय, हे मांजरालाही कळत होतं.

तर आमचा बेत असा होता. बेत हेमाताईचा, शिकवणी माझी. पाडव्याच्या जेवणाला प्रल्हादरावांनी रुसायचं. अण्णा मनवतील. तिसऱ्यांदा विचारलं की त्यांनी रेडिओ मागायचा नाही, म्हणायचं, “मला मामेसासऱ्यांना भेटायचंय. सारोळ्याला चला.” सगळ्या घरासमोर जावयानं मागितलेलं अण्णा नाकारतील कसे? रीत त्यांचीच होती.

पाडव्याला प्रल्हादराव पानावर बसले. चांदीची वाटी, पानाभोवती रांगोळी, आणि वाटीत बासुंदी. बासुंदी त्यांच्या फार आवडीची. मी समोर बसून डोळ्यांनी खूण केली. त्यांनी एक मोठा श्वास घेतला आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

अण्णांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला तो मी नंतर फक्त त्यांचं पहिलं नातवंड जन्मलं तेव्हा पाहिला.

“काय झालं जावईबापू? घास घ्या की.”

“नाही,” प्रल्हादराव भिंतीला म्हणाले.

“अहो, काही चुकलं का आमचं? बोला तरी.”

प्रल्हादराव गप्प. उत्तम चाललं होतं. हेमाताईनं पदराखाली माझा हात घट्ट धरला. आई दारात वाढायची पळी हातात घेऊन उभी होती.

आता अण्णांनी तिसऱ्यांदा विचारायचं होतं. पण त्यांना धीर निघाला नाही. ते तसेच उठले, सोवळ्यातच गिरणीकडे पळत गेले आणि झेंडूचा हार घातलेला तो रेडिओ दोन्ही हातांनी छातीशी धरून घेऊन आले. त्यांना धाप लागली होती. पेंडीचा भुसा केसांत अडकला होता. ते जावयासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “आता तरी मागा. काय हवं ते मागा.”

प्रल्हादरावांनी मान वळवली. रेडिओकडे पाहिलं, अण्णांकडे पाहिलं. तोंड उघडलं. मी मनात म्हणत होते, सारोळं, सारोळं.

“हे कशाला एवढं,” ते म्हणाले. “फारच सुंदर आहे.” आणि बासुंदीची वाटी तोंडाला लावली.

हेमाताईनं माझा हात सोडला.

नंतर ती परसात त्यांच्याशी काय बोलली ते मला सांगता येणार नाही, पण म्हैस दावं ताणून लांब जाऊन उभी राहिली होती. प्रल्हादरावांचं म्हणणं एवढंच होतं, “अगं, ते रेडिओ घेऊन उभे होते. केसांत पेंडीचा भुसा होता त्यांच्या. अशा माणसाला दुसरं काय मागायचं?”

मी स्वयंपाकघरात गेले. आई भांडी आवरत होती.

“काय शिजत होतं तुमचं?” तिनं माझ्याकडे न बघता विचारलं.

मी सगळं सांगून टाकलं. वाटलं, रागवेल. पण ती बासुंदीच्या पातेल्याचा तळ खरवडत राहिली. खरवड माझ्या हातावर ठेवली. मग म्हणाली, “दुसऱ्यांदा काय करायचं असतं म्हणालीस? गप्प बसायचं का?”

“हो. आणि तिसऱ्यांदा मागायचं.”

“हं,” आई म्हणाली आणि पातेलं उपडं घातलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तुळजापूरला निघालो. आमची जीप लष्कराच्या लिलावातली होती. तिला छप्पर होतं, पण दारं नव्हती. प्रल्हादराव चालवायला बसले. अण्णा शेजारी बसून “खड्डा”, “बैलगाडी”, “म्हातारी” असं पुढं जे येईल त्याचं नाव घेत होते. मागच्या बाकांवर आम्ही तिघी, फराळाचे डबे आणि ओवाळणीचं ताम्हण. एक लहान डबा मात्र आईनं मांडीवरच धरला होता. त्यात कडबोळी होती. आमच्या घरात कडबोळी कुणीच खात नसे. तरी ती दर वर्षी करायची, आणि दर वर्षी ती तुळजापूरच्या पायऱ्यांवर वाटली जायची.

पांगरी गेली, येडशी गेली. दोन्ही बाजूंनी ज्वारी वीतभर वर आली होती आणि तूर फुलली होती. डोंगरातल्या बायका टोपल्यांत सीताफळं मांडून रस्त्याकडेला बसल्या होत्या. लांबून फाट्यावरचं लिंबाचं झाड दिसायला लागलं. अण्णांनी घसा साफ केला.

“ह्या वर्षी शेंगदाण्याला,” ते सुरू झाले, “काही राम नाही. मी म्हणतो, करडईच—”

“गाडी थांबवा जरा,” आई म्हणाली. “सीताफळं घेऊ.”

“पुढं चांगली मिळतात,” अण्णा म्हणाले. पण प्रल्हादरावांचा पाय ब्रेकवर गेलेला होता.

आई उतरली. टोपलीकडे तिनं पाहिलंही नाही. फाट्याच्या तोंडाशी मैलाचा दगड होता. तिथं जाऊन तिनं तो पदरानं झटकला आणि वर बसली. तोंड सारोळ्याच्या रस्त्याकडे, पाठ आमच्याकडे, कडबोळ्यांचा डबा मांडीवर.

आम्ही थोडा वेळ वाट पाहिली. मग अण्णा उतरून गेले. त्यांच्यामागं मी, कारण मला राहवत नव्हतं.

“काय गं, चक्कर आली का?”

“नाही.”

“मग?”

“रुसले.”

अण्णांनी इकडं तिकडं पाहिलं. सीताफळवाल्या म्हातारीनं टोपली सोडून आमच्याकडे तोंड केलं होतं.

“हे बघ, रस्त्यात हे काय. चल, बस गाडीत.”

“नाही.”

“बायका काय दिवाळीला रुसतात का? जावयानं रुसायचं असतं.”

“तुम्हीच म्हणालात, रुसायला हक्क लागतो,” आई सारोळ्याच्या रस्त्याकडे बघत म्हणाली. “तो मला आहे का नाही, तेवढं सांगा. नसला तर उठते.”

 अण्णा गिरणीवर पन्नास माणसांना गप्प करायचे. ते तसेच वळले आणि जीपकडे आले.

“चालू करा गाडी,” ते प्रल्हादरावांना म्हणाले. “आवाज ऐकला की येईल.”

पण प्रल्हादराव गाडीत नव्हते. एक मेंढका शेळ्या घेऊन चालला होता. त्यातली एक त्यांनी धरली होती आणि खाली बसून तिचा पाय मांडीवर घेतला होता.

“खुरात काटा दिसतोय,” ते गंभीरपणे म्हणाले.

“किती वेळ लागेल?”

“सांगता येत नाही. खूर फार नाजूक असतं.”

ती शेळी चारी पायांनी धडधाकट होती आणि त्यांच्या सदऱ्याची बाही चावत होती. मेंढका म्हणाला, “सायेब, तिला काय बी झालं न्हाई.” प्रल्हादराव म्हणाले, “तुम्हाला कळत नाही.” हेमाताईनं नवऱ्याकडे असं पाहिलं की कालचं सगळं तिनं तिथंच माफ केलं असावं.

“मनवा की वो मालक,” सीताफळवाली म्हणाली. “लक्ष्मी रुसून बसलीया वाटंवर. येक फळ द्या हातात.”

अण्णांनी एक मोठं पिकलेलं सीताफळ घेतलं. दोन हातांनी फोडलं. अर्धं आईपुढं धरून उभे राहिले. “घे. तुला आवडतं ना. आता सांग, काय हवंय?”

आई गप्प. तिला काय हवं होतं ते त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, एव्हाना सीताफळवालीलाही कळलं असावं. पण दुसरी पाळी गप्प बसायची होती. सीताफळाचा गर अण्णांच्या मनगटावरून ओघळून कोपरापर्यंत आला.

मग अण्णांनी जे केलं ते मी कधी विसरले नाही. ते धोतर सावरून तिथंच, दगडाच्या पायथ्याशी मातीत बसले. मला वाटलं, आता ते ओरडतील. पण ते इतक्या हळू बोलले की मला लिंबाच्या बुंध्याआडून कान द्यावा लागला.

“तिथं गेलो की हसतील सगळे.”

“कोण हसणार? आत्याबाई गेल्या. तेव्हाचा गडी गेला. राहिला विशू. तो हसला नव्हता. त्याला तर कळलंच नव्हतं.”

“तू हसली होतीस.”

“मी न्हाणीत जाऊन हसले होते,” आई म्हणाली. “दार लावून. आणि तेव्हा वय काय होतं माझं?”

अण्णांनी मातीत काडीनं दोन रेघोट्या ओढल्या. मग त्यांनी विचारलं, “काय हवंय तुला?”

ही तिसरी वेळ होती.

“विशूला ओवाळायचंय,” आई म्हणाली. “चंद्राला ओवाळून माझा हात दुखायला लागला.”

अण्णा उठले. सीताफळाचं उरलेलं अर्धं त्यांनी स्वतः खाल्लं, बिया लांब थुंकल्या आणि ओरडले, “जावईबापू, ती शेळी सोडा. बरी झाली ती.”

सारोळ्याचा रस्ता म्हणजे नुसती चाकोरी होती. अण्णा “खड्डा”सुद्धा म्हणाले नाहीत.

मामाचं घर गावाच्या कडेला होतं. अंगणात एक उंच, सावळा माणूस पायाच्या अंगठ्यात दोर अडकवून चऱ्हाट वळत होता. जीपचा आवाज ऐकून त्यानं वर पाहिलं. आई उतरली. तो उठला, दोर पायात तसाच अडकलेला, आणि दोन पावलं टाकून अडखळला.

“अक्का?”

आईनं त्याच्या हातात कडबोळ्यांचा डबा दिला. दुसरं काही तिला सुचलं नसावं. मामानं झाकण उघडून आत पाहिलं आणि झाकण परत लावलं. मग सदऱ्याच्या बाहीनं तोंड पुसलं. मामी बाहेर आली. तिनं तर आईला कधी पाहिलंच नव्हतं, पण नवऱ्याकडे आणि आईकडे बघून तिला सगळं कळलं. ती भाकरीचा तुकडा आणि पाणी आणायला आत धावली.

अण्णा जीपमध्येच बसून होते.

मामा जीपजवळ गेला. “पाव्हणं, खाली उतरा की.”

अण्णा उतरले, पण बघत होते ते शेजारच्या कडब्याच्या गंजीकडे.

मामीनं घाईघाईनं शेंगापोळ्या केल्या. पानं वाढली. मामा आणि प्रल्हादराव बसले, अण्णाही बसले. मामानं “घ्या” म्हटलं. प्रल्हादरावांनी घेतलंही. पण अण्णांनी हात मांडीवर ठेवले होते आणि तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

 मामीच्या हातातली तुपाची वाटी तशीच राहिली. मला वाटलं, झालं. आता उठून जाणार, आणि आणखी वीस वर्षं ह्या घराचं नाव निघणार नाही. मी आईकडे पाहिलं. ती मामाकडे बघत होती आणि भुवयांनी त्याला खुणावत होती. विचार की, विचार.

मामा पानावरून उठला. अण्णांसमोर येऊन उकिडवा बसला. त्यानं हात जोडले.

“पाव्हणं,” तो म्हणाला, “ह्या खेपेला माझ्या ध्यानात आलंय. काय हवं ते मागा.”

अण्णा भिंतीकडे बघत राहिले. मग म्हणाले, “एरंडेल सोडून काहीही दे.”

आई न्हाणीकडे पळाली नाही. तिथंच, चुलीजवळ, तोंडाला पदर न लावता हसली. मी तिला तशी हसताना आधी कधी पाहिलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग मामा हसला आणि अण्णांच्या मिश्या हलायला लागल्या.

“आम्हाला सांगा की,” हेमाताई म्हणाली. “काय झालं होतं?”

“मी सोळा वर्षांचा होतो,” मामा म्हणाला. “आमचे आईबाप आधीच गेले होते. घरात एक आत्या, तीही ठार बहिरी. पाव्हणं दिवाळसणाला आले आणि जेवंनात. पयला दिवस न्हाई, दुसरा न्हाई. आता जावयानं रुसायचं असतं, हे मला कोण सांगणार? मला वाटलं, पोट धरलं. पयल्या दिवशी ओवा दिला. दुसऱ्या दिवशी हिंग लावला बेंबीला.”

“आणि हिंग लावून घेतलात तुम्ही?” मी अण्णांना विचारलं.

“मग काय सांगणार? मी रुसलोय असं आपल्या तोंडानं सांगायचं असतं का?” अण्णा म्हणाले. “विचारायची रीत असते.”

“तिसऱ्या दिवशी,” मामा म्हणाला, “गड्याला धरायला लावलं आणि एरंडेल पाजलं.”

प्रल्हादरावांनी पोळीचा घास खाली ठेवला. त्यांच्या चेहऱ्यावर डॉक्टरचे भाव आले होते. “किती दिलं होतंत?”

“वाटीभर. ही असती तसली.” मामानं मामीच्या हातातली तुपाची वाटी दाखवली.

प्रल्हादरावांनी वाटी निरखून पाहिली. “एवढं आम्ही रेड्याला देतो,” ते म्हणाले.

मग कुणालाच आवरलं नाही. अण्णाही हसले, आधी नाकातून, मग पोट धरून. हसता हसता ते मामाच्या पाठीत धपाटे घालत होते आणि म्हणत होते, “चार दिवस, विश्वंभरा, चार दिवस मी तुझ्या त्या तुरीच्या रानात काढले.”

हसणं ओसरल्यावर मामानं डोळे पुसले आणि परत हात जोडले. “पण मागितलं न्हाई तुम्ही अजून.”

अण्णांनी शेंगापोळीचा तुकडा मोडला, तुपात बुडवला, आणि तो खाऊन होईपर्यंत आम्हाला ताटकळत ठेवलं.

“पुढच्या भाऊबीजेला हिला न्यायला तू स्वतः बार्शीला यायचं,” ते म्हणाले. “मी आणून सोडणार नाही. मला दरवर्षी हा रस्ता झेपायचा नाही.”

त्या दिवशी आम्ही तुळजापूरला गेलोच नाही. संध्याकाळी आईनं मामाला पाटावर बसवलं आणि ओवाळलं. निरांजन फिरवताना तिचा हात आधी सवयीनं वरच, पार आढ्याकडे गेला, मग मामाच्या तोंडापर्यंत खाली आला. मामा तोपर्यंत कडबोळी खात होता. सगळा डबा त्यानं एकट्यानं संपवला.

मग हेमाताईनं आणि मी ताम्हण उचललं आणि अंगणात निघालो. आम्हाला भाऊ नव्हताच. अंगणातल्या लिंबाच्या शेंड्यावर बीजेची कोर होती, नखाएवढी, लगेच मावळणारी. आम्ही ओवाळून घेतलं. मागं वळून पाहते तर आईही येऊन उभी होती.

“वन्सं, तुम्ही कुठं?” मामी उंबऱ्यातून म्हणाली. “तुमचं तर झालं की ओवाळून.”

आई ओशाळली. हात पुढं केला होता तो तिनं मागं घेतला. “हो की. सवयीनं आले बघा,” म्हणाली आणि वळली.

अण्णा ओट्यावर मामाशेजारी तंबाखू मळत बसले होते. त्यांनी मान वर करून कोरीकडे पाहिलं.

“त्यालाही ओवाळ गं,” ते म्हणाले. “इतकी वर्षं आला बिचारा, न बोलावता. आता तो रुसला तर मनवायला तिथवर कोण जाणार?”